टाकीतले काटेरी किडे

माझ्या शिक्षणाचं ऋण आहे ते गावच्या शाळेतल्या देशमाने बाईंचं. आज घरातल्या मासे पाळायच्या खाऱ्या पाण्याच्या काचेच्या टाकीसमोर मी किडे वेचायला चिमटा घेऊन बसलो होतो. दगडाखालून काटेरी किडे वळवळत निघत होते आणि नारिंगी मासा कोपऱ्यात दडला होता.

“अहो, हात घालू नका, काटे रुततील!” बायको ओरडली. “तुम्हीच पोसलेत ते. मूठभर खाणं टाकता, माशाचं उरतं ते हे खातात.”

खरं होतं. उरलेलं कुजून पाणी बिघडलं, तर मासाच जाईल. पण बाईंच्या डब्यातली अर्धी भाकरी वाटून खाल्लेल्या माणसाला हात आखडता घेणं जड जातं.

आज थोडंच टाकलं. मासा वर येऊन तोंड उघडून थांबला.

मी बाईंना लिहिलं, ‘आज कुणाला तरी अर्धपोटी ठेवलं, बाई. त्याच्या भल्यासाठीच. तरी काचेसमोरून उठवत नाही.’