तेरेझीनाची वांगी

नुच्चा स्कालिसेचं तोंड फाटकं, हे इटलीच्या दक्षिण टोकाच्या कालाब्रियातल्या त्या चिमुकल्या विमानतळावर सगळ्यांना ठाऊक होतं. दिवसाला विमानं दोन, कधी एकच. पण सामान तपासायला ती अशा थाटात उभी राही की मोठ्या शहरातल्यांनी लाजावं. नवरा गेल्यापासून घर तिच्या एकटीच्या पगारावर चालत होतं.

इथून जाणारी बहुतेक पोरं दूर उत्तरेत, तोरिनोत कामाला. आणि कुठली आई पोराला रिकाम्या हाताने धाडते? हातातल्या पिशवीत तेलाची बरणी चालत नाही, हे हजारदा सांगूनही बरणी निघायचीच. नुच्चा ती दोरीपलीकडे निरोप द्यायला थांबलेल्या आईला परत द्यायची. मग उत्तरेतून नवे साहेब आले, बेर्गोन्झी. त्यांनी फर्मान काढलं: परत देणं बंद, सगळं कचऱ्यात. नुच्चाने दोनदा कानाडोळा केला, तेव्हा तिसऱ्यांदा नोकरी जाईल असं त्यांनी बजावलं.

त्या सकाळी तोरिनोला निघालेल्या सारोच्या पिशवीतून तेलातल्या वांग्यांची बरणी निघाली. दोरीपलीकडे त्याची म्हातारी आई, तेरेझीना. नुच्चाच्या पाठीशी साहेब.

"टाका ती," साहेब म्हणाले.

"विमानात न्यायची नाही, एवढंच ना?"

"हो."

"पोटात घालून नेली तर?"

साहेबांना कळेपर्यंत तिने झाकण फिरवलंसुद्धा. "कोसिमो!" तिने कॉफीवाल्याला हाक मारली, "पाव आण रे, असेल तेवढा!"

लसणाचा वास सुटला आणि रांग मोडली. सारो, दोन नन, एक वकील, सगळ्यांची बोटं तेलकट.

"मीठ बरं आहे का गं?" तेरेझीना तिकडून ओरडली.

"फर्मास, मावशी!"

साहेब लालबुंद झाले. "उद्यापासून कामावर येऊ नका!"

नुच्चाच्या घरी दुसरा पैसा नव्हता. तरी तिने पावाच्या तुकड्याने बरणी आतून पुसली, तो खाल्ला आणि रिकामी बरणी साहेबांच्या हातात दिली.

"आता खुशाल टाका. आईच्या डोळ्यांदेखत तिच्या हातचं मी कचऱ्यात टाकणार नाही, आज नाही आणि उद्याही नाही. उद्या मी येणार. हाकलायचं तर ह्या सगळ्यांसमोर हाकला."

नुच्चाने तोंड पुसलं आणि रिकामा ट्रे सामानाच्या सरकत्या पट्ट्यावर आदळला.

"चला, पुढचा कोण? बरण्या बाहेर काढा!"