उपाशी राहणारं गवत

जेसीबी सोमवारी सकाळी नऊ वाजता येणार होता. शुक्रवारी दुपारी मी दिल्लीजवळ मानेसरच्या एका कारखान्यात, कुंपणालगतच्या दोनशे वाळक्या खुंटांसमोर उकिडवी बसले होते. मार्च संपत आला होता. महिन्याभरापूर्वी आम्ही तिथलं गवत बुडापासून कापलं होतं. त्यानंतर एकाही ठोंबाला हिरवं टोक आलं नव्हतं.

"मॅडम, मर गया है. मान लो," खुराणासाहेब म्हणाले. ते कारखान्याचे अ‍ॅडमिन हेड, म्हणजे माझे क्लायंट. "मंडे को सब उखाड देंगे. अप्रैल एंड में बडे साहब की व्हिजिट है. पाम लगा दो, बात खतम."

मी हॉर्टिकल्चरिस्ट आहे. सोप्या भाषेत, जास्त शिकलेली माळीण. पुण्यात शेतकी कॉलेजात शिकले, लग्नानंतर फरीदाबादला आले आणि गेली बावीस वर्षं एका लँडस्केप कंपनीत लोकांना हिरवळ विकतेय.

हा पट्टा म्हणजे निव्वळ मुरूम आणि बांधकामाचा राडारोडा. तिथे दोनदा लॉन मेलं, एकदा मेंदीचं कुंपण मेलं. वारा सुटला की धूळ थेट कँटीनमध्ये. तेव्हा मीच म्हटलं होतं, इथे मुंज लावू. मुंज म्हणजे इथल्या बोलीत सरकंडा. मुंजीत बटूच्या कमरेला मेखला बांधतात, ती मुळात ह्याच गवताची. हरियाणात त्याच्या काड्यांचे मूढे, म्हणजे बसायची गोल आसनं करतात आणि कोवळा पाला म्हशींना घालतात. दिल्लीच्या भोवती ते रुळांकडेला, खाणींच्या उतारावर कोणी न लावता वाढतं. दोन पुरुष उंच होतं आणि पावसाळा सरला की त्याला रुपेरी तुरे येतात. आमचे बॉस प्रधान सर तेव्हाच म्हणाले होते, "अगं, रानटी गवतासाठी क्लायंट आपल्याला बोलावतो का?" मी हट्ट केला. सरांनी मान डोलावली, पण हा पट्टा गेला तर साइटही गेली, हेही सांगून ठेवलं.

आणि मग मी त्या गवताचे लाड केले. ठिबक टाकलं. कारखान्याच्या एसटीपीचं पाणी, म्हणजे सांडपाणी शुद्ध करून मिळणारं पाणी, रोज सोडलं. वर युरिया. दुसऱ्या पावसाळ्यात गवत असं फोफावलं, की मी फोटो काढून ऑफिसच्या ग्रुपवर टाकले. सप्टेंबरात एक दिवस वारा सुटला आणि सगळा पट्टा आडवा झाला. पीक लोळतं तसा. काड्या वरून जाड दिसत होत्या, आतून भुसभुशीत. कंपनीच्या बसेस वळायच्या रस्त्यावर गवत पसरलं आणि ड्रायव्हर हॉर्न वाजवत बसले.

"मॅडम, ये घास है या बारात के शराबी?" खुराणासाहेबांनी विचारलं. अति तिथे माती, ही म्हण मी ट्रेनी मुलांना दर वर्षी ऐकवते.

तिथल्या माळ्यांच्या गँगची मुकादम शरबती. वय पन्नाशीचं, जवळच्याच गावची, घरी तीन म्हशी. ती आडव्या गवतावरून चालत आली आणि मला म्हणाली, "मॅडमजी, यो भूखा घास सै. इसनै खुवाओगे तो लेट ज्यागा." उपाशी राहणारं गवत आहे, खायला घालाल तर लोळेल.

"मग करायचं काय?"

"पाणी बंद. खाद बंद. फागण में जड तै काटो अर आग ला दो."

तिच्या गावात पिढ्यान्‌पिढ्या हेच करतात. काड्या मूढेवाल्यांना, मग खुंटांना आग, आणि त्यातून येणारा कोवळा फुटवा म्हशींना. पण आमच्या पट्ट्यामागे कारखान्याचा पेंट शॉप, म्हणजे रंगकामाचा विभाग. तिथे काडी ओढायलासुद्धा बंदी. शिवाय दिल्लीच्या आसपास धूर केला तर कोणीही तक्रार करेल, आणि करावीच. मी म्हटलं, कापू, पण जाळायचं नाही.

शरबती विळ्यावर हात ठेवून थांबली. "बिना आग के? हमनै तो कदे ना देख्या."

तरी कापलं. मूठभर उंचीचे खुंट ठेवले. शेजारच्या गावातल्या जाळलेल्या मुंजीला होळीच्या सुमारास पोपटी फुटवा आला. आमचे खुंट तसेच.

त्या शुक्रवारी प्रधान सरांचा फोन आला. "झालं ते झालं. पाम लाव आणि मोकळी हो."

साइट जाणार याचं वाईट वाटत होतंच. पण खरं सांगायचं तर लाज जास्त वाटत होती. जे गवत कोणालाही मारता येत नाही, ते मी दोन डिग्र्या असून मारलं होतं.

मग वाटलं, मेलंच आहे तर निदान एक ठोंब खणून बघू. का मेलं ते तरी कळेल. शरबतीनं कोपऱ्यातला एक निवडला. तिच्या गँगमधले दोघं पहार आणि कुदळ घेऊन भिडले. तासाभरात घोट्यापर्यंतचा खड्डा गुडघ्यापर्यंत गेला. मुळं खालीच चालली होती. कमरेपर्यंत खणलं. मुरूम, विटांचे तुकडे, सिमेंटची ढेकळं, सगळ्यांना मुळांनी गच्च आवळून धरलं होतं. काँक्रीटच्या एका लादीला भेग होती आणि तिच्यातून दोऱ्याएवढी मुळं पार पलीकडे उतरली होती. संध्याकाळपर्यंत खणणारा माणूस छातीपर्यंत आत गेला. तेव्हा त्यानं वर बघून सांगितलं, "मॅडम, अभी और नीचे है."

मी खड्ड्यात उतरले. तिथली माती गार होती. वर ऊन भाजत होतं, महिन्याभरात कोणी थेंब घातला नव्हता, आणि माझ्या बोटांना ओल लागली. मी नोकरीत हजारो झाडं लावली असतील, पण त्या दिवशी माझ्या अंगावर काटा आला. वर जे दिसत होतं ते ह्या गवताचं फारच थोडं होतं.

शरबतीनं तोवर ठोंबाचं डोकं चिरलं होतं. आत जुन्या पानांचा वाळका, कुजका गच्च गोळा होता आणि त्याच्या तळाशी, एकमेकांना खेटून, बोटाच्या पेराएवढे पांढरट कोंब. जिवंत. त्यांना वर यायला वाटच नव्हती.

"आग यो ए काम करै सै," ती सावकाश म्हणाली. तिच्या गावात आग लावायचे, पण आग नेमकं काय करते ते तिनंही आजवर बघितलं नव्हतं. आग तो गोळा जाळून वाट मोकळी करते. आम्ही आग काढून टाकली आणि तिचं काम कोणालाच दिलं नाही.

शनिवार, रविवार आम्ही ते काम हातांनी केलं. शरबतीनं गावातल्या सहाजणी आणल्या. जाड हातमोजे, कारण मुंजीचं पान पात्यासारखं कापतं, आणि लोखंडी पंजे. प्रत्येक ठोंबाचं डोकं विंचरून रिकामं केलं. माझ्या दंडांवर ओरखड्यांची रांगोळी झाली.

सोमवारी जेसीबी आला. मी खुराणासाहेबांना आधी खड्ड्याशी नेलं. ते काठावर उभे राहिले, मग काय वाटलं कोण जाणे, बूट सांभाळत आत उतरले आणि लादीतून गेलेल्या मुळांवरून हात फिरवू लागले.

"ये स्लॅब तो हमारे कॉन्ट्रॅक्टर ने दबाया होगा," ते पुटपुटले. वर आल्यावर म्हणाले, "यार, इसको निकालेगा कौन? तीन हफ्ते दिए."

जेसीबीनं तो खड्डा तेवढा बुजवला आणि परत गेला.

बाराव्या दिवशी पहिलं टोक आलं. सुईएवढं. तिसऱ्या आठवड्यात गुडघाभर. मोठे साहेब येऊन गेले, त्यांनी गवताकडे बघितलंसुद्धा नाही. मे महिन्यात लू, म्हणजे इकडचा भाजणारा वारा, सुटली, कारखान्याच्या गेटवरचे पाम महागडी औषधं पिऊन करपले, आणि हा उपाशी पट्टा दिवसागणिक वर जात राहिला. मी ठिबकच्या नळ्या काढून नेल्या, न जाणो, माझाच हात शिवशिवायचा.

ऑक्टोबरात खुराणासाहेबांचा फोन आला. "आप बस आ जाओ." गेले. दोनशे ठोंब ताठ उभे होते. मी हात उंच केला तरी तुऱ्यापर्यंत पोचेना. सकाळचं ऊन तुऱ्यांतून आरपार येत होतं. पहिल्या शिफ्टची माणसं बसमधून उतरून, कार्ड पंच करायचं सोडून, माना वर करून बघत होती. शरबती बाजूला उभी होती. मी नकळत हात जोडले होते.

क्लायंटला वर्षाचं मेंटेनन्स शेड्यूल द्यावं लागतं, कोणत्या महिन्यात काय करणार ते. त्या पट्ट्यापुढे आता फेब्रुवारीत लिहिते, कापणे आणि विंचरणे. उरलेल्या अकरा महिन्यांत लिहिते, काही करू नये. कॉलेजात हे कोणी शिकवलं नव्हतं आणि अजूनही ते अमलात आणणं मला कापणीपेक्षा जड जातं. खुराणासाहेब दर वर्षी सही करण्यापूर्वी विचारतात, "पक्का? कुछ भी नहीं?"

मी म्हणते, "बिल्कुल कुछ नहीं."