सांभाळणाऱ्यांचा परिच्छेद

माझी पुतणी कॉलेजात इतिहास शिकवते. येशू आणि महंमद पैगंबर या दोन धर्मसंस्थापकांची तुलना करणारा निबंध तिला चर्चासत्रात वाचायचा होता. लग्नही तोंडावर आलेलं. रविवारी दुपारी ती बेसा भागातल्या आमच्या फ्लॅटवर आली आणि म्हणाली, एकदा तुम्हाला वाचून दाखवते.

भाऊ आणि वहिनी एकाच अपघातात गेले तेव्हा ती शाळेत होती. मग काटोलचं वसतिगृह. काकूनं, म्हणजे माझ्या बायकोनं, ठेवून घेतलं नाही, असं नात्यात सगळे समजतात. तीही तेच समजायची. बायकोनं सोललेली संत्री टीपॉयवर ठेवली, तिनं मान वर न करता थँक्यू म्हटलं, बायको आत गेली. आमच्याकडे हे असंच चालायचं.

ती वाचू लागली. दोघांनीही स्वतःच्या हातानं ग्रंथ लिहिला नाही. येशू सत्तेपासून लांब राहिले; ख्रिस्ती परंपरेप्रमाणे त्यांना क्रूसावर मरण आलं. पैगंबरांना शहर चालवावं लागलं, तह करावे लागले, आणि मृत्यू आला तो घरी. मी डोळे मिटून ऐकत होतो.

"काका, झोपून राहिले का? चर्चासत्राचे अध्यक्ष बी असेच ऐकतात."

मी नाही म्हटलं. पुढचा परिच्छेद तिचा आवडता होता. मोठ्या माणसांना लहानपणी कोणी सांभाळलं, हे कोणी विचारत नाही, असं त्यात होतं. येशूंना वाढवणारा सुतार पुढच्या कथेतून गुपचूप नाहीसा होतो. पैगंबरांचे वडील जन्माआधीच गेले, मग आई, मग आजोबा. त्यांना काकांनी घरात घेतलं. त्या काकांनी पुतण्याचा धर्म स्वीकारला की नाही यावर मतभेद आहेत. त्यांनी साथ सोडली नाही, यावर नाहीत.

"हे लिहिताना तुम्हीच डोळ्यांसमोर होते," ती म्हणाली.

दर महिन्याला काटोलच्या बसमध्ये बसून मी तिला भेटायला जायचो, ते तिच्या डोक्यात असणार. मला काहीच वाटलं नाही. हात मांडीवर होते, ते दुसऱ्याचे असावेत तसे दिसत होते.

मग तिनं कागद मिटले आणि सांगितलं, कन्यादानाला मामा-मामी बसतील. "तुमच्याबद्दल काही नाही काका. पण जोडीनं बसावं लागते, अन् काकूच्या हातून मले नको."

"हॉस्टेल मी ठरवलं होतं," मी म्हणालो. "काकू तुला घरीच ठेवू म्हणत होती. दोन दिवस जेवली नव्हती."

"काहून?"

"मला जबाबदारी नको होती."

दुसरं कारण नव्हतं. असतं तर सांगितलं असतं.

तिनं संत्र्यांची ताटली बाजूला सरकवली. मग कागद पिशवीत घातले, चप्पल घातली आणि गेली. काकूला हाक मारली नाही.

बायको दारात उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. मला वाटलं होतं, तिच्यावरचं ओझं उतरलं असेल.

"काहून सांगितलं तुम्ही?" ती म्हणाली. "आपल्यातला एक तरी तिचा राहावा म्हणून मी गप होती."

तिनं ताटली उचलली. पुढे लग्नात कन्यादानाला मामा-मामीच बसले. आम्ही दोघं पाहुण्यांत, मागच्या खुर्च्यांवर होतो. निबंधात तो परिच्छेद तिनं ठेवला की काढला, मी विचारलं नाही.