दोरी कोणाच्या हातात होती?

इथले अनुभव मी आजवर जेवताना हसायला म्हणून वाचत आले. हडळ, हाकामारी, पिंपळावरचा मुंजा... माझा कशावरच विश्वास नव्हता, आणि आजही आहे असं म्हणवत नाही. लिहितेय ती घाबरले म्हणून नाही, डोक्यात राख घालून लिहितेय. तेव्हा भाषा जरा तिखट झाली तर चालवून घ्या.

२०१४ साल. मंदारच्या, म्हणजे नवऱ्याच्या, आयटीतल्या नोकरीमुळे आम्ही सिंगापूरला सेरंगूनमध्ये चौदाव्या मजल्यावर राहत होतो. तिथे कपडे वाळत घालायचे म्हणजे लांब बांबूवर ओवून किचनच्या खिडकीबाहेर काढायचे. मला लहानपणापासून उंचीची भीती. त्यामुळे आमचे कपडे सोफ्यावर, दारांवर, मिळेल तिथे. मंदार येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा, "आमच्याकडे हॉलमध्येच वाळवण. बाईसाहेबांना खिडकी चावते." सगळे हसायचे. मीही हसायचे, मूर्खासारखी.

एके दिवशी त्यानं परस्पर आमची दोघांची नावं वॉल क्लाइंबिंगच्या कोर्सला घातली. चार मजल्यांइतकी उंच भिंत. चढणाऱ्याच्या पट्ट्याला दोरी, ती वरच्या हुकातून फिरून खाली येते, आणि खाली उभा असलेला जोडीदार ती आपल्या पट्ट्यावरच्या धातूच्या कडीतून घट्ट धरून ठेवतो. वरच्यानं हात सोडले की खालचा त्याला हळूहळू उतरवतो. म्हणजे जीव खालच्याच्या हातात. "माझ्यावर विश्वास नाही का तुझा?" मंदारनं विचारलं. लग्नाला सात वर्षं झाली होती हो. म्हटलं, आहे.

तीन रविवार मी अर्ध्यातून परत आले. चौथ्या रविवारी, सकाळी अकराच्या सुमारास, पार वर पोचले. खाली बघायची तर सोयच नाही. डोळे घट्ट मिटून ओरडले, "धरलंस?"

खालून स्वच्छ मराठीत आलं, "धरलंय."

मी हात सोडले.

काय सांगू... इतकं सावकाश मला कुणी कधी उतरवलं नव्हतं. मंदार उतरवायचा ते विहिरीत पोहरा सोडल्यासारखं, धडाधड. या वेळी मध्येच माझा पाय एका खोबणीत अडकला, तर दोरी थांबली. मी पाय सोडवला, मग परत सुरू. पाय भिंतीखालच्या गादीला टेकले आणि त्याच क्षणी दोरी सैल पडली. मी डोळे उघडून वळले. जमलं रे मला, असं म्हणणार होते.

मागे कुणीच नव्हतं.

दोरीचं दुसरं टोक गादीवर मोकळं पडलं होतं. मंदारची कडी आमच्या बॅगेवर काढून ठेवलेली. आणि मंदार काचेच्या दाराबाहेर, माझ्याकडे पाठ करून, हातवारे करत क्लायंटला सांगत होता, "शुअर, शुअर, बाय ट्यूसडे."

दोरीची गाठ सोडून तशीच पट्ट्यासकट बाहेर गेले आणि फोन त्याच्या हातातून ओढला. कॉलला एकोणीस मिनिटं झाली होती. मला चढून उतरायला वीसेक लागली असतील, म्हणजे मी भिंतीला हात लावला आणि यानं फोन घेतला.

"दोरी सोडून आलास तू?"

"वेडी आहेस का? मीच उतरवलं तुला. कॉल नुसता कानात चालू होता. तुला उतरवलं, मग बाहेर आलो. तू डोळे मिटून दोन-तीन मिनिटं तशीच उभी होतीस."

नव्हते. एक सेकंदही उभी नव्हते! पण बघितलं कुणी? शेजारची दोरी धरलेली चिनी बाई तिच्या चढलेल्या नवऱ्याकडे डोळे लावून उभी होती — जसं उभं राहायला हवं तसं. काउंटरवरची मुलगी तिथल्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली, "कॅमेरा ओन्ली अ‍ॅट काउंटर लाह, सॉरी." त्या हॉलमध्ये मराठी येणारे आम्ही दोघंच. मंदार क्लायंटशी इंग्रजीत बोलत होता, तर मला उत्तर कुणी दिलं? आवाज कसा होता म्हणाल तर सांगता येत नाही, तो मंदारचाच धरून चालले होते.

सासूबाईंना व्हिडिओ कॉलवर सांगितलं. त्यांनी लगेच हात जोडले. "कुलदेवीनं सांभाळलं गं. नारळ ठेव देवापुढे."

मी म्हटलं, "आई, देवीनं सांभाळलं म्हणजे तुमच्या मुलानं सोडलं होतं, हे मान्य ना?"

"आवाज तुटतोय गं तुझा," म्हणाल्या.

मित्रमंडळींत मंदारनं याचाही विनोद केला. "हिला भुतं झेलतात, नवरा कशाला हवा!" तेच विचारतेय मी, असं मी म्हटल्यावर मात्र कुणी हसलं नाही.

मला त्याच्याकडून एकच वाक्य हवं होतं. सोडली होती, चुकलो. बस. शेवटी एकदा चहा घेताना मीच हात जोडले. "एकदा कबूल कर. शपथ, पुन्हा हा विषय काढणार नाही."

त्यानं कप शांतपणे खाली ठेवला. "सोडली असती तर पडली असतीस. पडलीस का?"

मी माझा कप उचलून सिंकमध्ये नेऊन ठेवला. त्या दिवशी ज्यानं कुणी मला धरलं, त्यानं त्याच हातांनी मंदारलाही वाचवलं... माझं एक हाड मोडलं असतं तरी पुरावा झाला असता. त्या धरणाऱ्याचे उपकार मानू की त्याला शिव्या घालू, मला खरंच कळत नाही. तिथे कुणीतरी होतं हे मला सिद्ध करता येत नाही, आणि ते होत नाही तोवर आमच्या घरात खरं बोलणारा माझा नवराच.