जागा धरली गं!

टॉकीजचं बायकांचं दार उघडलं की ती सगळ्यांच्या आधी आत घुसायची आणि बाकावर आडवी पडायची. खरोखर आडवी. पाय लांब करायची, हात डोक्यावरून ताणायची, कमरेचं हिरवं धडपं सोडून उरलेल्या टोकावर फेकायची आणि ओरडायची, "जागा धरली गं!" मागून आम्ही तिघी धक्के खात पोचायचो. मग ती उठून बसायची आणि धडपं झटकून पुन्हा कमरेला बांधायची.

तुमच्यातल्या जुन्या बायकांना आठवत असेल, जालन्यात तेव्हा बायकांच्या बाजूला जनाना म्हणत. तिथं खुर्च्या नव्हत्या की नंबर नव्हते, नुसती लाकडी बाकं. जी आधी बसली तिची जागा.

तिला आम्ही धावडेवाली म्हणायचो. धावडा तिचं माहेर. तिचं खरं नाव हजेरीच्या वहीत होतं आणि मला वाचता येत होतं, म्हणून ते मला ठाऊक आहे. ते इथं लिहिणार नाही. तेवढी लाज शिल्लक आहे.

बहात्तरच्या दुष्काळानंतरची ही गोष्ट. गावाबाहेर कपाशीच्या बियाण्याचे प्लॉट नवीन निघाले होते. तिथं आम्ही क्रॉसिंगला जायचो. दुपारी उद्या उमलणारी कळी हेरायची, अंगठ्याच्या नखानं ती सोलायची, आतलं पिवळं काढून टाकायचं आणि खुणेला लाल कागद अडकवायचा. दुसऱ्या दिवशी सकाळी नराचं फूल आणून त्या कळीवर फिरवायचं. एक नर चार-पाच कळ्यांना पुरतो. यावरून बायका काय काय बोलायच्या ते मी लिहीत नाही. धावडेवाली म्हणायची, "आजचा पाचवा नवरा हाय माझ्या हातात. एक बी कामाचा न्हाई." मुकादम खोकून लांब जायचा.

आम्ही चौघी एका ओळीत असायचो. गोदाक्का सगळ्यांत मोठी, अंबडच्या रस्त्यावरच्या गावातून एसटीनं यायची. सुभी नवीन लग्न झालेली. मी चौथी शिकलेली, म्हणून मला 'मास्तरीण' म्हणायच्या. आणि धावडेवाली. ती बौद्ध होती, आम्ही तिघी मराठ्याच्या. भाकरी खाताना ती आमच्याजवळच बसायची, पण आमच्या फडक्यावर नाही. पाणी आम्ही तिच्या ओंजळीत वरून ओतायचो. आम्ही चांगल्या बाया होतो, असं आम्हाला वाटायचं.

सिनेमाचा नाद तिनं लावला. क्रॉसिंगचा सीझन संपला की दिवाळीच्या आधी एक सिनेमा, चौघींनी मिळून. वर्षातून एकच, त्यामुळं निवडायला आठ-आठ दिवस लागायचे. बाजारातल्या भिंतीवरची नावं वाचायचं काम माझं. गोदाक्का म्हणायची, "रडायचा घ्या." सुभी म्हणायची, "गाण्यांचा घ्या." धावडेवाली कोणाचं ऐकायची नाही. खेळ सुटायच्या वेळेला ती बायकांच्या दाराशी जाऊन उभी राहायची आणि बाहेर येणाऱ्या बाईला धरून विचारायची, "बाई, यातली बाई काम करती का न्हाई?"

त्या बायका चक्रावून जायच्या. एकजण म्हणाली, "करती की. सारखी रडती."

"रडणं काम हाय का? हातानं काही करती का?"

"हातात पूजेचं ताट असतंय."

"मंग न्हाई पाहायचा."

एकदा मी विचारलं, असं का? ती म्हणाली, "मास्तरीण, दोन महिने वाकून राह्यलो आपण. तिथं बी बसून रडणारी बाई कशाला पाहायची? माझ्यासारखी दाखवा म्हणावं एखादी." तिनं निवडलेले दोन सिनेमे आम्ही पाहिले. एकात बाई वीटभट्टीवर होती, दुसऱ्यात शिलाई मशीन चालवायची. दोन्ही चांगले निघाले. सबंध पुढचा सीझन ओळीत वाकून आम्ही तेच बोलत राहायचो.

अंधारात आम्ही चौघी एका बाकावर दाटून बसायचो. खांद्याला खांदा लागायचा, गुडघ्याला गुडघा. एका पुडीतले फुटाणे चौघींच्या हातांनी जायचे. अंधारात ते चालायचं. दिवे लागले की गोदाक्का पदर झाडायची.

तिसऱ्या वर्षी देवीचा सिनेमा आला.

जालन्यात असं कधी झालं नव्हतं. बायका टॉकीजच्या बाहेर चपला काढून आत जायच्या. पडद्यावर देवी आली की उठून उभ्या राहायच्या, कोणी आरती ओवाळायची, कोणी नारळ घेऊन यायची. बाहेर देवीचे फोटो विकायला होते. मंगळवारच्या दुपारच्या खेळाला सगळ्यांत जास्त गर्दी, कारण मंगळवार देवीचा. गोदाक्कानं ओळीतच जाहीर केलं, "यंदा हाच. दुसरा बिलकुल न्हाई."

धावडेवाली कळी सोलत राहिली. मग म्हणाली, "आमच्यात देवी न्हाई आता, अक्का. मी हात जोडणार न्हाई."

"मंग?"

"मंग काय? सीझनचा सिनेमा सगळ्यांचा असतोय. तुमी हात जोडा, मी जागा धरते." आणि दुसऱ्या दिवशी दाराशी चौकशी करून आली. "पहिल्या निम्म्यात दळती म्हणं, पाणी भरती, शेणाच्या गवऱ्या थापती. चालंल."

आम्ही हसलो. ठरलं, सीझन संपला की मंगळवारी जायचं.

शेवटच्या दिवशी ती पुढं निघून गेली आणि बांधावर गोदाक्कानं मला थांबवलं. "मास्तरीण, तिला कसं न्यायचं? तिथं आरती असती. मी उपास धरलाय. तिला शिवून बसायचं का देवीम्होरं?"

मी म्हणाले, "दोन वर्षं बसतोच की."

"ते सिनेमे व्हते. हे देवाचं हाय."

सुभी पायाच्या अंगठ्यानं माती उकरत होती. गोदाक्का म्हणाली, "तिला आयतवार सांग. आपण मंगळवारी पाहून येऊ. तिचं घर तुझ्या रस्त्यात हाय."

मला हिंमत झाली नाही, असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगितलं. ते खोटं आहे. मला गोदाक्काचं म्हणणं पटलं होतं. सिनेमा बाटेल, असं मलाही वाटलं. पडद्यावरच्या उजेडाला विटाळ होतो, असं चौथी शिकलेल्या बाईला वाटलं.

मी तिच्या दारात गेले. ती लेकीच्या केसांतल्या उवा काढत होती. मी उंबऱ्याबाहेरूनच सांगितलं, "आयतवारी जायचं ठरलं."

"मंगळवारी म्हणल्तीस ना?"

"मंगळवारी लई गर्दी राह्यती."

तिला ते एकदम पटलं. "बराबर हाय. आयतवारी बी गर्दी असंलच. मी एक वाजताच जाऊन उभी राहते. तुमी आरामात या." मी निघाले तर मागून म्हणाली, "सुभीला सांग, फुटाणे मी आणते. तिनं मागच्या टायमाला खवट आणल्ते."

मंगळवारी आम्ही तिघी गेलो. दार उघडलं आणि तेव्हा आमच्या ध्यानात आलं, की पळत जाऊन जागा धरणारं आमच्यात कोणी नाही. गोदाक्काचे गुडघे दुखायचे, सुभी दोन जिवांची होती आणि मी आपली बघत उभी. बाकं भरली. आम्ही पडद्यापुढं फरशीवर बसलो. मान वर करून करून देवी नुसती लांबडी दिसत होती, हनुवटी आणि नाकपुड्या. आरती आली तशा मागच्या बायका आमच्या पाठीवर गुडघे टेकून उभ्या राहिल्या. बाहेर आलो तर गोदाक्काच्या चपला गेलेल्या. उरलेल्या ढिगातून तिनं दोन चपला घातल्या, त्या दोन्ही डाव्या पायाच्या. तशीच ती एसटीत चढली. मला हसू आलं नाही. मी बाहेरून देवीचा एक फोटो घेतला आणि घरी येऊन दारासमोरच्या भिंतीतल्या देवळीत ठेवला.

मग आयतवार आला. एक वाजला तेव्हा मला ठाऊक होतं, ती दाराशी उभी असेल. घरापासून टॉकीज पायी पाव तास. जाता आलं असतं. पुन्हा एकदा तोच सिनेमा तिच्याशेजारी बसून पाहिला असता तर कोणाचं काय गेलं असतं? मी सूप घेतलं आणि निवडलेली डाळ पुन्हा निवडली.

तिथं काय झालं ते मला नंतर जनान्याच्या दारावरच्या बाईनं सांगितलं. ती मला ओळखायची. "अगं, तुमची ती लांब हातांची बाई! सबंध बाक धरून बसली व्हती. बाया भांडल्या, एकीनं तिची वेणी वढली. उठली न्हाई. म्हणं, माझ्या बाया येऊन राह्यल्यात. सिनेमा सुरू झाला तरी तेच. मी म्हणलं, बाई, कोणी येत न्हाई आता, बसू दे बाकीच्यांना. तर म्हणं, अंबडकडची एसटी लेट असंल. इंटरवलनंतर बी तिनं धडपं उचललं न्हाई. बाया उभ्यानं पाहत व्हत्या आन् तिच्या बाजूला तीन जागा मोकळ्या."

सोमवारी सकाळी ती माझ्या दारात आली. मला वाटलं, भांडायला आली. भांडली असती तर बरं झालं असतं. मला भांडता येतं.

ती काळजीनं आली होती. "कोणी आजारी पडलं का गं? सुभीला काही झालं का? पोटुशी हाय ती."

मी म्हणाले, "गोदाक्काच्या सासूचं जरा..." आणि अडखळले. माझी नजर देवळीकडं गेली. माझी गेली म्हणून तिची गेली. देवीचा नवा फोटो, त्याच्यावर लावलेलं कुंकू. असा फोटो त्या आठवड्यात जालन्यात एकाच ठिकाणी मिळत होता.

ती फोटोकडं बघत राहिली. मग तिनं विचारलं, "जागा मिळाली व्हती का?"

मी म्हणाले, "न्हाई. खाली बसलो."

"खालून काय दिसलं असंल!" ती म्हणाली. चेष्टा नव्हती त्यात. खरंच तिला ते वाईट वाटलं असावं. तिनं कमरेची फुटाण्याची पुडी काढली, कालची, दोऱ्यानं बांधलेली, न सोडलेली. माझ्या हातात दिली नाही. वरून, लांबून, माझ्या ओंजळीत टाकली. जसं आम्ही तिला पाणी द्यायचो तसं. आणि गेली.

पुढच्या सीझनला ती आमच्या ओळीत आली नाही. दुसऱ्या प्लॉटवर गेली, असं मुकादम म्हणाला. मी शोधायला गेले नाही. तिच्या दारावरून जायला नको म्हणून मी जाण्यायेण्याचा रस्ता बदलला. गोदाक्कानं एकदाच विषय काढला, "फुकट रुसली बया." मी काही बोलले नाही, तेही लिहून ठेवते. आम्ही तिघींनी पुन्हा सिनेमा पाहिला नाही. निवडायचा कसा तेच कोणाला कळेना.

तीन-चार वर्षांनी नणंद गावाहून आली होती, ती हट्टच धरून बसली म्हणून तिला टॉकीजला नेलं. दार उघडलं, रेटारेटी सुरू झाली आणि आतून आवाज आला, "जागा धरली गं!"

माझे पाय आपोआप पळाले. चार पावलं पळाले मी. वय विसरून, सगळं विसरून. ती बाकावर आडवी होती, हात ताणलेले, टोकाला तेच हिरवं धडपं, आता विटलेलं. तिनं मान वळवून मला पाहिलं. ओळखलं. धडपं उचललं नाही. माझ्या दोन्ही बाजूंनी तिच्या बाया धावत आल्या, हसत, एकमेकींना ढकलत, आणि बसल्या. बाक भरलं. मग तिनं धडपं झटकलं आणि कमरेला बांधलं.

नणंद म्हणाली, "वहिनी, कोण हाय ती? ओळखीची हाय का?"

मी म्हणाले, "न्हाई."

ही तिसरी लबाडी. आम्ही दोघी भिंतीला टेकून उभ्यानं सिनेमा पाहिला. नाव आठवत नाही. त्यातली बाई पहिल्यापासून शेवटपर्यंत हातानं काम करत होती, एवढं आठवतं.