आत्यांनी सांगितलेले शेवट

आमच्या लायब्ररीतल्या आत्या कुणालाही माफ करत नसत. बडोद्यात मांडवीजवळ एका जुन्या इमारतीच्या वरच्या मजल्यावर ती लहानशी मराठी लायब्ररी होती. आत्या तिथे एकट्याच बसत. उन्हाळ्याची सुट्टी संपली की परत आलेलं प्रत्येक पुस्तक त्या वर्तमानपत्रावर उलटं धरून झटकत. वाळू पडली की ती लोणच्याच्या रिकाम्या बरणीत जायची. "ही काळी तिथलच्या किनाऱ्यावरची, म्हणजे जोशी. ही पिवळी दीवची, म्हणजे मोहितेबाई," असं त्या बरणी हलवत सांगत.

शिक्षा ठरलेली असे. पुढच्या वेळी तो मेंबर रहस्यकथा घेऊन दारापर्यंत पोचला की आत्या मागून गोड आवाजात निरोप देत, "भाऊ, खून डॉक्टरनंच केलाय हं. आवजो!"

मी त्यांच्याकडे गेले तीही सूडासाठीच. पप्पा मकरपुऱ्यात वेल्डर आहेत आणि आमच्या घरातून कॉलेजात जाणारी मी पहिलीच. आमच्याकडे पुस्तक म्हणजे अभ्यासाचं. पहिल्या वर्षाची परीक्षा संपल्यावर वर्गाची तिथलला सहल निघाली. "दरियावर वाचायला प्रत्येकानं एक पुस्तक आणा," असं ऋतानं सांगितलं. ऋताचं घराणं बडोद्यातलं जुनं, आजोबा मोठे अधिकारी. मी अकाउंट्सचं गाइड नेलं. मला खरंच दुसरं काही सुचलं नव्हतं. ऋतानं ते सगळ्यांसमोर उंच धरलं. "जुओ तर! ही दरियावर पण गाइड घेऊन आली!" त्या दिवसापासून वर्षभर मी 'गाइडबेन' होते.

आत्यांना मी एवढंच म्हटलं, "समुद्रावर वाचायला मजेदार पुस्तक हवंय."

त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "कुणी हसलं का गं तुला?"

मी सगळं सांगून टाकलं. आत्यांचा चेहरा एकदम खुलला. "ये, बस. आता तर नीटच निवडू."

पुस्तक निवडायची त्यांची रीत निराळी होती. भर दुपारी त्यांनी मला अनवाणी गच्चीवर पाठवलं. "पंख्याखाली कुठलंही पुस्तक बरं वाटतं. तिथे ऊन असणार, वारा पानं उलटणार, भेळवाला हाका मारणार. पाय भाजतायत हे जे विसरायला लावेल, ते न्यायचं." पहिल्या दोन पुस्तकांनी मला लगेच खाली पळवलं. तिसरं समुद्रकाठच्या एका लॉजवरून भांडणाऱ्या भावांचं होतं. त्यातला एक भाऊ गायब होतो. आत्यांनीच येऊन मला सावलीत ओढलं, तेव्हा तळपायांची आग कळली.

दुसऱ्या वर्षी सहल पुन्हा तिथललाच गेली. मी वाळूत बसून वाचत होते, मधेच खुदकन हसत होते. ऋताची जाडजूड इंग्रजी कादंबरी टॉवेलवर पडून होती. दुपारी ती सरकत सरकत जवळ आली. "ए, एवढं काय आहे त्यात? दे ने जरा."

मी दिलं. तिनं भेळसुद्धा खाल्ली नाही. शेवटचं प्रकरण सुरू होतंय असं दिसताच मी पुस्तक तिच्या हातातून काढून घेतलं. "लायब्ररीचं आहे. पुढचं वाचायचं तर मेंबर हो." परतीच्या बसमध्ये ती विनवत राहिली आणि मी खिडकीबाहेर बघत राहिले. इतका आनंद मला पास झाल्यावरही झाला नव्हता.

ऋता खरंच लायब्ररीत आली. मी कपाटामागे उभी होते. पुस्तक घेऊन ती दाराशी पोचली आणि आत्यांचा गोड आवाज आला, "ताई, धाकट्या भावानंच केलंय हं. आवजो!" ऋताचा चेहरा मी डोळे भरून पाहिला. वर्षभराचं 'गाइडबेन' फिटलं.

दुसऱ्या दिवशी तिनं मला कॉलेजच्या जिन्यात गाठलं. "तुझी आत्या खोटारडी आहे! धाकटा नव्हताच! मी त्याच्यावरच डोळा ठेवून बसले, आणि शेवटी काय फजिती झाली ने माझी!" मग आवाज उतरवून म्हणाली, "असंच अजून एखादं आहे?"

मी तावातावानं आत्यांकडे गेले. "म्हणजे तुम्ही सगळ्यांना खोटेच शेवट सांगता? मग हा कसला सूड?"

आत्या पुस्तक झटकत होत्या. "घरी जाईपर्यंत चडफडली ना ती? झालं तर. शिक्षा माणसाला द्यायची गं. पुस्तकाला कशाला?"

यंदा मुलगा त्यांना कायमचं नागपूरला घेऊन गेला. त्यांच्या डोळ्यांनी दगा दिला होता. मला त्यांनी हे सांगितलं ते अगदी शेवटच्या दिवशी, तेही वाळूची बरणी रिकामी पाहून मी विचारलं म्हणून. मला भयंकर राग आला. त्यांनी माझ्या हातात एक पुस्तक ठेवलं. गाव सोडून जाणाऱ्या एका म्हाताऱ्या शिक्षिकेची गोष्ट होती. मी ते काखेत मारून निघाले. दाराशी पोचले, तसा मागून तोच गोड आवाज आला.

"अगं, म्हातारी शेवटी परत येते हं. आवजो!"

ते पुस्तक मी तिथलला नेलं. उन्हात, वाऱ्यात, सगळ्यात टिकलं. शेवटचं प्रकरण मात्र मी वाचलेलं नाही. आत्यांचा एकही शेवट आजवर खरा निघालेला नाही, हे मला ठाऊक आहे. पुस्तक मी परत केलेलं नाही. पानांत काळी वाळू तशीच आहे, मुद्दाम ठेवली आहे. बघू, आता तरी झटकायला येतात का.