थिएनफाला कळवायचं राहिलं

दुपारी दोनला फुचिन रस्त्यावरच्या त्या छोट्या कॅफेत चिनलुआन शिरली, तेव्हा मालकीण आ-पेईने नेहमीचंच विचारलं, "काकू, एकट्याच ना?"

"आणि कोण असणार बाई माझ्यासोबत!" म्हणत ती खिडकीजवळ बसली. बाहेर कापराच्या झाडांची दाट सावली, सावलीत ऐटीत फिरणारी कुत्री. सगळं कसं छान! आणि या छान वस्तीत वर्षभरात तिला नावाने हाक मारणारं एकही माणूस भेटलं नव्हतं. लेकीच्या हट्टापायी शहराच्या दुसऱ्या टोकाचं, वानहुआतलं जुनं घर सोडून ती इथे आली, आणि सहा महिन्यांत लेकच नोकरीसाठी कॅनडाला गेली. आता बोला!

आज थिएनफाची तिथी. नवऱ्याला जाऊन सहा वर्षं झाली होती. दरवर्षी ती घरीच उदबत्ती लावून, त्याच्या आवडीचं रांधून त्याला जेवायला बोलवायची. पण इथल्या घरमालकाला उदबत्तीच्या धुराचं वावडं. म्हणून तिने कॅफेतच सोया सॉसमध्ये मुरलेल्या डुकराच्या मांसाचा भात आणि स्वतःला बर्फ घातलेला चहा मागवला, भाताचं ताट समोरच्या रिकाम्या खुर्चीपुढे सरकवलं, मेनूकार्डाचा आडोसा केला आणि पर्समधून दोन नाणी काढली. एक छापा, एक काटा पडला की गेलेल्या माणसाचं उत्तर हो. दोन्ही सारखी पडली की नाही.

"काय रे म्हाताऱ्या, आलास का?"

दोन्ही छापे. पुन्हा टाकली, तर दोन्ही काटे. पाचदा विचारलं, पाचदा नाही. भातावरची वाफ विरत चालली. एवढी वर्षं तो कधी रुसला नव्हता. विसरला की काय आपल्याला?

पाणी भरायला आलेल्या आ-पेईने नाणी पाहिली आणि ती हळूच म्हणाली, "माझी आजी गेलेल्यांना आधी पत्ता सांगायची, काकू. रस्ता, नंबर, मजला, सगळं. नाहीतर ते येणार कसे?"

चिनलुआनने कपाळावर हात मारला. घर बदलल्यावर बँकेला, पोस्टाला, गॅसवाल्याला, साऱ्यांना तिने कळवलं होतं. नवऱ्याला कळवायचं तेवढं राहिलं! बिचारा वानहुआच्या बंद दारासमोर ताटकळत उभा असणार.

तिने हात जोडले. "थिएनफा, चुकले रे. मी घर बदललं. फुचिन रस्त्यावर ये, शाळेच्या पुढे हिरव्या दाराचं कॅफे आहे, तिथे खिडकीशी बसलेय. लवकर ये, भात निवतोय."

एक छापा, एक काटा.

चिनलुआनचे डोळे भरून आले. "आ-पेई, अजून एक चहा आण गं. माणशी एक पेय घ्यावंच लागतं ना तुमच्याकडे? आम्ही दोघं आहोत."

आ-पेईने चहा आणला, सोबत जेवणाच्या काड्यांचा आणखी एक जोड आणला.

मग चिनलुआन बोलतच सुटली. लेकीचं, गुडघ्याचं, खालच्या मजल्यावरच्या भांडकुदळ बाईचं. वर्षभराचं साठलेलं सगळं. 'जेवण झालं का' हा शेवटचा प्रश्न तेवढा तिने टाळला. त्याला हो आलं की तो निघणार, हे तिला ठाऊक होतं.

चार वाजले. चहातला बर्फ केव्हाच विरघळला होता. किती वेळ अडवून ठेवायचं माणसाला? तिने नाणी उचलली.

"घाई नाही हं, सावकाश जेव," तिने आधी बजावलं. मग विचारलं, "झालं का तुझं?"

दोन्ही सारखी पडू देत, सारखीच पडू देत, असं म्हणत तिने मूठ उघडली. पहिल्याच फेकीत एक छापा, एक काटा.

"मेल्या, जन्मभर घाईघाईतच जेवलास," ती म्हणाली, आणि त्याचा गार भात आपल्याकडे ओढून एकटीच खाऊ लागली.